कॅलेंडर पाहणं आणि वाट पाहणं

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५
आगमनकाळाचा पहिला रविवार (वर्ष अ)
पहिलं वाचन: यशया २:१-५
दुसरं वाचन: रोमकरांस पत्र १३:११-१४
शुभवर्तमान: मत्तय २४:३७-४४



आज सकाळच्या मिस्साला माझ्या पुढच्या बाकावर चार-पाच वर्षांची एक मुलगी बसली होती. वेदीजवळची पहिली जांभळी मेणबत्ती पेटल्यावर तिने आईला विचारलं, "आता बाळ येशू येणार?" आई म्हणाली, "अजून पंचवीस दिवस." मुलीने बोटं मोजायला सुरुवात केली, दोन्ही हातांची संपल्यावर आईची घेतली. आणि तेवढ्यात फादर शुभवर्तमान वाचायला उभे राहिले. त्यात बाळ नव्हतं, मरिया नव्हती, मेंढपाळ नव्हते. होता नोहाच्या काळचा महापूर, आणि रात्री घर फोडणारा चोर.

तुम्हालाही कधी हा प्रश्न पडला असेल. बाहेर मॉलमध्ये नाताळचं झाड लागलंय, गावाकडे मुलांनी गोठ्यासाठी बांबू आणि गवत जमवायला सुरुवात केलीये, आणि चर्च मात्र आगमनकाळाची सुरुवात जगाच्या शेवटापासून करतं. असं का?

हे दर वर्षी होतं. आपल्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे. वर्ष अ मध्ये मत्तय, ब मध्ये मार्क, क मध्ये लूक. आजपासून नवं उपासना वर्ष सुरू झालं आणि आपण पुन्हा मत्तयाकडे आलो. पण तिन्हींपैकी कुठलंही वर्ष घ्या, पहिल्या रविवारी प्रभू येशू आपल्या पुन्हा येण्याबद्दलच बोलतो. चर्चच्या नियमांमध्येही या काळाचे दोन भाग आहेत. १६ डिसेंबरपर्यंत आपलं लक्ष ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याकडे जास्त असतं. १७ डिसेंबरपासून २४ पर्यंत आपण बेथलेहेमकडे वळतो. म्हणजे अर्ध्याहून जास्त आगमनकाळ आपण गव्हाणीकडे पाठ करून उभे असतो असं म्हटलं तरी चालेल! आपल्यातले बहुतेक जण हा पहिला भाग सरळ स्किप करतात. मीसुद्धा बरीच वर्षं केला.

थोडं शब्दाबद्दल बोलू. मुंबईत 'आगमन' म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते गणपतीचं आगमन. ढोल-ताशे, रस्ते बंद, ट्रॅफिकची सूचना आधीच मोबाइलवर. गंमत म्हणजे लॅटिन भाषेतला 'आदवेन्तुस' हा शब्दही असाच रस्त्यावरचा आहे. रोमन सम्राट एखाद्या शहराला भेट द्यायचा, त्या सोहळ्याला हा शब्द होता. त्या भेटीची नाणी पाडली जायची. सम्राट हेड्रियनची अशी नाणी आजही संग्रहालयांत आहेत. ग्रीकमध्ये त्यासाठी 'पारुसिया' हा शब्द होता. आजच्या शुभवर्तमानात मत्तय मनुष्याच्या पुत्राच्या येण्यासाठी तोच शब्द वापरतो. राजाच्या स्वारीचा शब्द घेऊन त्याने तो वधस्तंभावर मारल्या गेलेल्या एका सुताराच्या मुलाला लावला. त्या काळी हे किती धाडसाचं असेल!

पण सम्राटाची तारीख आधी कळवलेली असायची. इथे तारीखच नाही. आजच्या वाचनाच्या लगेच आधीचं वचन, मत्तय २४:३६, उघडून बघा. तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे असं तिथे आहे. (यूट्यूबवर शेवटाची तारीख सांगणारे व्हिडिओ तुम्हाला कोणी फॉरवर्ड केले तर हे एक वचन परत पाठवा. जास्त वाद घालायची गरज नाही.)

आता नोहाचे दिवस. लहानपणी मला वाटायचं, येशू इथे पापी लोकांबद्दल बोलतोय. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात त्या पिढीची दुष्टाई सांगितलेली आहेच. पण मत्तयामध्ये नीट वाचा. येशू त्यांच्या एकाही पापाचं नाव घेत नाही. ते लोक काय करत होते? खात होते, पीत होते, लग्नं करत होते. बस्स. यात चुकीचं काय आहे? आपण सगळे तेच करतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तर वसईत दर रविवारी दोन-तीन लग्नाच्या पत्रिका असतात. येशूची तक्रार एवढीच आहे की पूर येईपर्यंत त्यांना काही कळलं नाही. पुढे शेतात दोघं जण आहेत, जात्यावर दोघी जणी आहेत. काम तेच, घामही तोच. बाहेरून बघणाऱ्याला दोघांत फरक दिसणार नाही. जो काही फरक आहे तो आत आहे.

माझ्यासारख्या माणसाला हे टोचतं, कारण मी 'वाईट' काही करत नाही. मी फक्त बिझी असतो.

इथे मला माझीच गोष्ट सांगायची आहे. सांगू की नको, असं वर्षभर चाललं होतं.

आमच्या कामात ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. ज्याचा आठवडा असेल त्याने रात्री फोन उशाशी ठेवायचा. सिस्टीममध्ये काही बिघडलं की अलर्ट येतो आणि ठरलेल्या मिनिटांत तो उचलायचा. फोन सायलेंट असला तरी तो अलर्ट वाजलाच पाहिजे अशी सेटिंग मी स्वतः करून ठेवली होती. या बाबतीत माझं रेकॉर्ड चांगलं आहे. एकही अलर्ट कधी चुकवलेला नाही, आणि याचा मला अभिमानही होता.

मागच्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरला होता. आदल्या रात्री अडीच वाजता अलर्ट वाजला. मी ताडकन उठलो, लॅपटॉप उघडला. डिस्क भरत आल्याची सूचना होती, खरं तर सकाळपर्यंत थांबली असती तरी चाललं असतं. दहा मिनिटांत काम झालं. मग स्क्रीनवर दिसलं: पप्पांचे दोन मिस्ड कॉल, एक वाजून दहा मिनिटांनी.

आई गेल्यापासून पप्पा वसईला एकटे असतात. मी पुण्यात. त्यांना रात्री नीट झोप लागत नाही, कधीकधी असाच फोन करतात, टीव्हीवर काय चाललंय ते सांगतात. मला वाटलं तसंच असेल. झोपले असतील आता, सकाळी मिस्सा झाल्यावर करतो. हे मी झोपेत ठरवलेलं नाही. मी पूर्ण जागा होतो. लॅपटॉप मांडीवर होता, फोन हातात होता.

सकाळी आठच्या मिस्साला गेलो, फोन सायलेंट केला. मागचं वर्ष लूकचं होतं. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की संसाराच्या चिंतांनी तुमची मनं जड होऊ देऊ नका, सर्व वेळ जागृत राहा. मी ऐकलं. चांगलं वाटलं. बाहेर येऊन फोन बघितला तर शेजारच्या काकींचा मेसेज होता. रात्री पप्पांना श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला. मला दोनदा लावून मग त्यांनी भिंतीवर ठोकलं, काकी आणि त्यांचा मुलगा त्यांना रिक्षाने हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. पप्पा चार दिवसांनी घरी आले. देवाच्या कृपेने आज बरे आहेत.

मी दुपारी पोचलो तेव्हा नाकाला ऑक्सिजन लावलेला होता. पहिलं वाक्य काय बोलले माहितीये? "अरे, तू कामात असशील म्हणून मी परत नाही लावला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आता त्या रात्रीकडे बघून मला मत्तय २४ वेगळंच दिसतं. जागं राहणं यासाठी ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, त्याच मुळातून ग्रेगरी हे नाव आलंय. ग्रेगरी म्हणजे जागा असलेला. आमच्या वसईत ग्रेगरी नावाची माणसं पुष्कळ, आणि त्यातले काही मिस्साला प्रवचनाच्या वेळी छान डुलक्या काढतात, तो भाग सोडा! मुद्दा असा की येशू म्हणतो ते जागं राहणं म्हणजे डोळे उघडे असणं एवढंच नाही. पुढचाच अध्याय वाचा, मत्तय २५. दहा कुमारी वराची वाट बघतायत. उशीर होतो आणि दहाच्या दहा झोपतात. शहाण्या पाचसुद्धा! त्यांना त्याबद्दल कोणी बोललं नाही. फरक होता तेलाचा. म्हणजे झोपूनसुद्धा माणूस तयार असू शकतो, आणि रात्री अडीचला लॅपटॉप उघडून बसलेला माणूस गाढ झोपलेला असू शकतो.

त्याच अध्यायाच्या शेवटी राजा न्यायासाठी बसलाय. तिथे दोन्ही बाजूचे लोक एकच प्रश्न विचारतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? तो भुकेला होता, तहानलेला होता, आजारी होता. तो येऊन गेला होता. मिस्ड कॉल देऊन गेला होता म्हणा ना.

आणि मग अध्याय २६, गेथशेमाने बाग. तेच क्रियापद पुन्हा येतं. पण आता बोलणारा न्यायाधीश नाही, घाबरलेला, अतिशय दुःखी झालेला येशू आहे. तो आपल्या तीन मित्रांना विनवतो की माझ्यासोबत जागे राहा. ते झोपतात. तो परत येतो, उठवतो, ते परत झोपतात. जैतुनाच्या डोंगरावर हे शिकवताना त्याने चोराचं उदाहरण दिलं होतं, आणि दोनच अध्यायांनंतर त्याच डोंगराच्या पायथ्याशी तो जवळजवळ भीक मागतोय. आगमनकाळात मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. जागं राहणं ही परीक्षेची धमकी आहे असं मी समजत होतो. पण ते कोणाच्या तरी सोबत बसणं आहे. त्याला सोबत हवी आहे.

मराठीत आपण 'वाट पाहणं' म्हणतो. शब्दाकडे नीट बघा. वाट म्हणजे रस्ता. ज्याची ओढ आहे तो ज्या रस्त्याने येणार त्या रस्त्याकडे बघत राहणं. वसईला जुन्या घरांच्या ओट्यावर म्हातारी माणसं संध्याकाळी अशी बसलेली असतात. आई तशी बसायची. मी येणार असलो की पाच वाजल्यापासून. ट्रेन कितीची आहे हे तिला माहीत असूनसुद्धा.

आपण आगमनकाळात बहुतेक वेळा वाट पाहत नाही, कॅलेंडर पाहतो. अजून पंचवीस दिवस. अजून चार वीकेंड. रिलीजच्या तारखेसारखं. आणि डेडलाइनचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे: तारखेच्या आधी आलेला माणूस आपल्याला अडथळा वाटतो.

काउंटडाउन वाईट आहे असं मी म्हणत नाही. खरं तर आपल्या चार मेणबत्त्यांच्या चक्राची गोष्टच तिथून सुरू होते. जर्मनीत हॅम्बुर्ग इथे योहान हिनरिक विखर्न हे प्रोटेस्टंट पाळक गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी, असं विचारून मुलांनी त्यांना भंडावून सोडलं. मग १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांसाठी वीस छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. पुढे विसाव्या शतकात ही प्रथा कॅथलिक चर्चमध्येही आली, लाल मेणबत्त्या गेल्या आणि चार उरल्या. आजच्या त्या मुलीचं बोटं मोजणं बघून मला विखर्नची मुलं आठवली. लहान मुलांनी मोजायलाच हवं. पण माझं वय आता छत्तीस आहे.

सुरुवातीच्या चर्चला हे जास्त कळत होतं असं मला वाटतं. स्पेनमधल्या सारागोसाच्या धर्मसभेने ३८० साली ठरवलं की १७ डिसेंबरपासून प्रभुप्रकटीकरणाच्या सणापर्यंत कोणी चर्चला गैरहजर राहायचं नाही. पुढे पाचव्या शतकात, आजच्या फ्रान्समध्ये तूर शहराचे बिशप पर्पेतुअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्याला तीन उपवास सांगितले. नाताळच्या आधी उपवास! आपण केक एक तारखेपासून कापतो. आज त्यातलं थोडंच उरलंय: जांभळी वस्त्रं, मिस्सातून ग्लोरिया वगळणं. आलेलुया मात्र राहतो. उपवासकाळात तोही नसतो. आशा बंद करायची नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

संत बर्नार्ड बाराव्या शतकात आपल्या मठातल्या बंधूंना सांगायचे की प्रभूचं येणं तीनदा आहे. पहिलं देहात, बेथलेहेममध्ये. शेवटचं गौरवात. आणि या दोन्हींच्या मधलं एक येणं आहे, गुपचूप, आत्म्यामध्ये. पहिलं होऊन गेलं, शेवटच्याची तारीख कोणाला माहीत नाही. आपल्या हातात राहतं ते मधलं. ते एक वाजून दहा मिनिटांनीही येऊ शकतं.

आता दुसऱ्या वाचनाबद्दल थोडंसं, कारण त्याचं नातं एका अशाच वाट पाहण्याशी आहे. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की झोपेतून उठायची वेळ झालीये, रात्र सरत आलीये. हाच उतारा ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत एका एकतीस वर्षांच्या हुशार, करिअरमध्ये वर चढणाऱ्या प्राध्यापकाने उघडला आणि तो बदलला. तो संत ऑगस्टीन. ही गोष्ट आपण त्याच्या बाजूने सांगतो. पण त्याची आई मोनिका, तिने किती वर्षं वाट पाहिली! आफ्रिकेहून समुद्र ओलांडून ती त्याच्या मागे इटलीला गेली. ३८७ च्या पुनरुत्थान सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ती ऑस्तियाला वारली. तिच्याकडे कुठलंही कॅलेंडर नव्हतं. मुलगा ज्या रस्त्याने येईल त्या रस्त्याकडे ती बघत राहिली, एवढंच.

यशयाचं वाचन तुम्ही स्वतः वाचा, तलवारींचे नांगर होण्याचा तो प्रसिद्ध भाग आहे. मी फक्त एक गोष्ट सांगतो. त्या काळी अश्शूरचं साम्राज्य दाराशी येत होतं, आणि यशया शांतीचं स्वप्न सांगून थांबत नाही. शेवटी याकोबाच्या घराण्याला म्हणतो, चला, आजच प्रकाशात चालायला लागू. स्वप्न पूर्ण झाल्यावर चालू, असं म्हणत नाही.

परत पप्पांकडे येतो. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी लगेच त्यांचा नंबर त्या सेटिंगमध्ये टाकला. आता फोन सायलेंट असला तरी त्यांचा कॉल वाजतो. एक मिनिटाचं काम होतं. मला वाटलं, झालं, प्रॉब्लेम सुटला. पण एक वर्षात तो एकदाही रात्री वाजलेला नाही. रात्री दहानंतर पप्पा मला फोन करतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, "काही नसतं रे, कशाला उठवू तुला." माझी सेटिंग बदलली, त्यांची नाही बदलली.

कन्फेशनला मी हे सांगितलं तेव्हा फादरांनी मोठी प्रार्थना दिली नाही. म्हणाले, "ते फोन करत नाहीत ना? मग तू कर. काही काम नसताना कर." तेव्हापासून रात्री साडेनऊला करतो. कधी दोन मिनिटं, कधी वीस. बहुतेक वेळा बोलण्यासारखं काही नसतं. भाजी काय केली, पाणी किती वाजता आलं, चर्चमध्ये कोण भेटलं. काही दिवस चुकतात, खोटं कशाला सांगू. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या गडबडीत सलग तीन दिवस चुकले, आणि पप्पांनी विचारलंसुद्धा नाही.

या आगमनकाळात तुम्ही रोज वचन वाचणार असाल, उपवास करणार असाल, फार छान. त्यासोबत एक विचारतो. तुमच्या फोनमध्ये, तुमच्या बिल्डिंगमध्ये, तुमच्या टीममध्ये असा कोण आहे ज्याने तुम्हाला हाक मारायचं बंद केलंय? नाव लगेच आठवेल. मला तर एकापेक्षा जास्त आठवली.

प्रार्थना

प्रभू येशू, तू येतोस तेव्हा मी बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी तरी जागा असतो. गेथशेमानेमध्ये झोपलेल्या पेत्रालाही तू सोडलं नाहीस, मलाही सोडू नकोस. जे आज रात्री एकटे आहेत, ज्यांना श्वास घ्यायला त्रास होतोय, जे फोन हातात घेऊन लावू की नको असा विचार करतायत, त्यांच्याजवळ तू बस. आणि त्यांच्यातल्या कोणाजवळ तरी मलाही बसव. आमेन.

उद्याचं शुभवर्तमान: मत्तय ८:५-११. शताधिपती आपल्या आजारी चाकरासाठी येशूकडे येतो. वाचताना बघा, तो स्वतःसाठी काहीच मागत नाही.